घेणाऱ्या हातांना देण्याचा अधिकार

दीपावलीचे मंगल पर्व जवळ आले म्हणजे धर्मशील कुटुंबांत एका सुंदर प्रथेचे स्मरण होते. घरचा फराळ सिद्ध झाला, देवापुढे नैवेद्य ठेवून झाला, की त्यातील काही भाग डब्यात भरून जवळच्या अनाथालयात, वृद्धाश्रमात किंवा आश्रमशाळेत पोहोचविला जातो. कोणी नवे कपडे नेतात, कोणी वह्या-पुस्तके नेतात, कोणी घरातील दिवंगत वडीलधाऱ्यांच्या नावाने एक दिवसाचे गोडधोड जेवण घालतात. आपल्या ताटातला घास दुसऱ्याच्या ताटात पडल्याखेरीज सण पुरा होत नाही, ही जाणीव अजून आपल्या घरांत जिवंत आहे, आणि तिचे मोल कमी लेखण्याचा आमचा यत्किंचितही हेतू नाही.

परंतु या प्रथेकडे डबा घेणाऱ्या बालकाच्या बाजूने एकदा पाहावे, अशी आमची विनंती आहे. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत त्याच्यापुढे अनेक दाते येऊन जातात. प्रत्येकापुढे त्याने रांगेत उभे राहावयाचे, हात पुढे करावयाचा, आभार मानावयाचे आणि बहुधा छायाचित्रासाठी हसावयाचेही. या सहा दिवसांत त्याने घ्यावयासाठी हात किती वेळा पुढे केला, आणि द्यावयासाठी किती वेळा केला, याचा हिशेब मांडला तर दुसऱ्या रकान्यात शून्य येते. आपल्या घरातील मुलाला आपण असे वाढवितो काय? त्याच्याकडून आपण शेजाऱ्यांकडे ताटे पाठवितो, आजोबांच्या पाया पडून त्यांना उटणे लावावयास सांगतो, दाराशी आलेल्या याचकाला त्याच्याच हाताने पसाभर धान्य देववितो. आपण समर्थ आहोत, आपल्यावाचून कोणाचे तरी अडते, हे मूल अशा बारीक कृतींतूनच शिकते. ज्याला आपण अनाथ म्हणतो त्याच्या वाट्याला मात्र हे शिक्षण येत नाही. त्याचे पोट भरते, पण देणाऱ्याचे सुख काय असते हे त्याला कळतच नाही.

अनाथाला अन्न देणे हा धर्माचा अर्धा भाग होय. त्याने दुसऱ्याला काही द्यावे, आणि तेही आपल्या खांद्याला खांदा लावून द्यावे, अशी संधी त्याला मिळवून देणे हा उरलेला अर्धा भाग. आजच्या या पर्वानिमित्त त्या दुसऱ्या अर्ध्या भागाविषयी दोन शब्द सांगण्याचा मानस आहे.

दोन तालुक्यांची दिवाळी

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे दोन डोंगराळ तालुके. मुंबईकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा शहापूर तालुक्यातील तानसा आणि भातसा या जलाशयांतून जातो, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहत बसावे लागते. मुरबाड तालुक्यात पौषी पौर्णिमेस म्हसा येथे भरणारी यात्रा आणि तेथील गुरांचा बाजार सर्वदूर प्रसिद्ध आहे. श्रद्धेला आणि आतिथ्याला या मुलखात कधीच तोटा नव्हता.

या भागात दिवाळी येते ती भातकापणीच्या सुमारास. शेतकऱ्याच्या घरात नवे धान्य येते. त्याच वेळी कातकरी वाड्यांवर मात्र घर आवरून निघण्याची तयारी सुरू होते. वीटभट्टीवाल्याकडून अगोदर घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको कल्याण-भिवंडीकडील भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडी परततात. मुले बरोबर नेली तर शाळा सुटते. मागे ठेवली तर थकलेल्या आजीच्या नाही तर आश्रमशाळेच्या भरवशावर ठेवावी लागतात. संस्कृतात नाथ म्हणजे रक्षणकर्ता. ज्याला रक्षणकर्ता नाही तो अनाथ. या अर्थाने पाहिले तर आईबाप हयात असूनही वर्षाचे सात-आठ महिने अनाथपण भोगणारी मुले या दोन तालुक्यांत आहेत, आणि खरोखरच ज्यांचे आईबाप निवर्तले अशीही आहेत.

कीर्तनसप्ताहाच्या निमित्ताने या गावांतून फिरताना एक गोष्ट आमच्या वारंवार दृष्टीस पडली आहे. काल्याच्या महाप्रसादाला जवळच्या आश्रमशाळेची मुले बोलावतात, त्यांची पंगत आधी बसवितात, आग्रह करकरून वाढतात. हे फार चांगले आहे. पण त्यातला एखादा मुलगा उठून पाण्याची कळशी हाती घेऊ लागला, तर यजमान लगबगीने म्हणतात, “अरे, राहू दे, तू बस.” ते वाक्य प्रेमानेच उच्चारलेले असते. तरीही त्या मुलाला त्यातून एवढे मात्र समजते की, वाढणारे ते वेगळे आणि जेवणारे आपण वेगळे.

शास्त्राचा दाखला

आपल्या शास्त्र-पुराणांनी ही गोष्ट निराळ्या रीतीने पाहिली आहे. छांदोग्य उपनिषदातील सत्यकाम जाबालाची कथा वाचकांस ठाऊक आहे. पित्याचे नाव माहीत नसलेला, अनेक घरी सेवाचाकरी करणाऱ्या आईचा हा मुलगा हारिद्रुमत गौतम ऋषींकडे विद्येसाठी गेला आणि त्याने आपली खरी हकीकत निःसंकोचपणे सांगितली. गौतमांनी त्याला जवळ केले, उपनयन केले, आणि लगेच काय केले? कळपातील ४०० रोड, अशक्त गाई निवडून त्याच्या स्वाधीन केल्या. त्या हजार झाल्याखेरीज परतणार नाही, असे म्हणून सत्यकाम वनात गेला. ऋषींना त्याची कीव करून त्याला आश्रमात नुसते बसवून ठेवता आले असते. त्यांनी त्याच्यावर विश्वास टाकला. ज्याला स्वतःला आधार नव्हता त्याच्या हाती आणखी ४०० निराधार जीव सोपविले, आणि त्या गोसेवेच्या वाटेवरच त्याला ब्रह्मज्ञान लाभले, असे उपनिषद सांगते.

दुसरी कथा आम्हा कीर्तनकारांच्या आद्य गुरूंची, म्हणजे देवर्षी नारदांची. भागवताच्या प्रथम स्कंधात त्यांनी आपला पूर्वजन्म व्यासांना निवेदन केला आहे. त्या जन्मी ते एका दासीचे पुत्र होते. चातुर्मासात एका ठिकाणी राहिलेल्या साधूंच्या सेवेस ते लहान वयातच लागले. त्या साधूंनी पोराला हुसकावले नाही. त्याला आपल्याजवळ वावरू दिले, सेवा करू दिली, आणि निघताना आपले गुह्य ज्ञानही त्याला दिले. पुढे पाच वर्षांच्या त्या बालकाची माता सर्पदंशाने गेली आणि ते पोरके झाले. परंतु तोवर त्याच्या पदरी असे काही पडलेले होते की, ते एकटे मूल उत्तरेकडे चालू लागले. ज्यांच्या परंपरेचे नाव घेऊन आम्ही व्यासपीठावर उभे राहतो त्यांची घडण साधूंच्या सहवासात सेवा करता करता झाली, हे आम्ही विसरून कसे चालेल?

आणि पंढरीच्या वारकऱ्याला जनाबाईची आठवण वेगळी करून द्यावयास नकोच. गंगाखेडची ही पोर लहानपणीच दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या कुटुंबात वाढली. तिच्याविषयी जी लोककथा घराघरांत सांगितली जाते तिचा मुख्य भाग असा की, देव तिच्यासाठी दळण दळून ठेवीत नाही, तो तिच्याबरोबर जात्याला बसतो. सेवेत बरोबरी असली की दासीपण उरत नाही, हे तत्त्व आपल्या आयाबायांनी या एका चित्रात जपून ठेवले आहे.

पुराणिकाची कन्या

हे तत्त्व अर्वाचीन महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर कोठे आचरणात आले, याचा प्रामाणिकपणे शोध घेऊ गेल्यास आपल्याला एका चर्चच्या आवारात जावे लागते. हे वाक्य वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, याची आम्हांस कल्पना आहे. तरीही त्यांनी थोडा धीर धरावा. कारण ते आवार जिने उभे केले ती आपल्याच पुराणिकाची कन्या होती.

अनंतशास्त्री डोंगरे हे थोर संस्कृत पंडित. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला आणि पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात आश्रम थाटला. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. आल्या-गेल्या यात्रेकरूंच्या व विद्यार्थ्यांच्या सत्कारात शास्त्रीबुवांची संपत्ती संपली, कर्ज झाले, आणि हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. मातेच्या मुखातून ऐकून रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक कंठस्थ केले. पुढे दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास पिता गेले, पाठोपाठ माता गेली, मग थोरली बहीणही गेली. देवळांच्या ओवऱ्यांत आयुष्यभर भगवत्कथा सांगणारे हे कुटुंब अन्नान्न करीत संपले. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली.

ज्या तीर्थक्षेत्रांतून हे कुटुंब उपाशी फिरले त्या क्षेत्रांतच आमच्यासारख्यांचा चरितार्थ आजवर चालत आलेला आहे. म्हणून रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली याविषयी बोलण्याआधी, त्या १६ वर्षांच्या पोरक्या मुलीला आपल्या धर्मशाळांनी काय दिले, हा प्रश्न आपण स्वतःला विचारणे न्यायाचे होईल. त्यांचा धर्मबदल आम्हांस मान्य नाही, आणि तो मान्य करण्याचे कारणही नाही. पण मतभेदाच्या पलीकडे जे कार्य दिसते त्याकडे डोळेझाक करणे पांडित्याला शोभत नाही.

केडगावचे अंगण

११ मार्च १८८९ रोजी रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढले. पुढल्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली व तरुण विधवांना मृत्यूच्या दाढेतून काढून घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते. म्हणून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव येथे त्यांनी घेतलेल्या माळरानावर या मुलींची वस्ती झाली. तेच पुढे मुक्ती सदन या नावाने प्रसिद्धीस आले. १९०० च्या सुमारास गुजरात-राजपुतान्यातील भीषण दुष्काळातून आणखी मुले आली आणि आश्रमाची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली.

एवढ्या मुलांना सांभाळण्यास माणसे आणावयाची कोठून? येथेच रमाबाईंच्या कार्याचा विशेष दिसून येतो. तीन वर्षांपूर्वी स्वतः हाडांचा सापळा होऊन आलेल्या मुलींच्या हाती त्यांनी नव्या मुली सोपविल्या. नव्या पोरींना न्हाऊ-माखू घालणे, आजाऱ्यांच्या उशाशी बसणे, अक्षरे गिरवून घेणे, ही कामे पहिल्या दुष्काळातून वाचलेल्या मुली करू लागल्या. त्यांतूनच पुढे शिक्षिका झाल्या, व्यवस्थापिका झाल्या. शेती, दूधदुभते, विणकाम, शिवण, छापखाना असे नाना उद्योग त्या आवारात चालत, आणि ते सर्व स्त्रियांच्या हातून चालत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमय सदन, वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन असे विभाग निघाले. याचा अर्थ असा की, जिला कोणी नव्हते अशी मुलगी त्या आवारात कोणा आंधळीची काठी झाली, कोणा म्हातारीची लेक झाली. रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतरही याच आश्रमाच्या छापखान्यात, आश्रमातील स्त्रियांनी खिळे जुळवून छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. त्यांचे केडगावचे कार्य आजही चालू आहे. भारत सरकारने १९८९ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुरबाडवरून माळशेज घाट चढून जाणारा रस्ता ज्या नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास पोहोचतो, तेथेही असेच एक ख्रिस्ती घर होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कोकणातील करजगावचे. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर १९०० साली तोच मार्ग पत्करला. टिळकांनी आपल्या कीर्तनाची आणि अभंगाची रीत ख्रिस्ती समाजात नेली, यामुळे आम्हांस त्यांच्याविषयी विशेष जिव्हाळा वाटतो. या घरात परक्यांच्या मुलांचा सतत राबता असे. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की, त्या घरात पैशाची सदैव चणचण, पण आलेल्या पोराला परत पाठविण्याची रीत नव्हती. आणि घरातली माणसे दुसऱ्याच्या दुखण्याखुपण्याला, प्लेगच्या दिवसांतही, धावून जात. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला सेवा हा निराळा धडा शिकवावा लागत नाही. घरातील आई ज्या कामाला उठते त्या कामाला तेही तिच्यामागे उठते.

वादातून निघालेले अमृत

रमाबाईंच्या कार्यावरून १८९३ साली पुण्यात मोठे वादळ उठले. शारदा सदनातील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळविल्या जातात, असा आक्षेप आला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. भुकेल्या मुलाच्या असहायतेचा उपयोग त्याचा धर्म पालटण्यासाठी होऊ नये, हा आग्रह तेव्हाही योग्य होता आणि आजही योग्य आहे. तो कोणत्याही धर्माच्या संस्थेला सारखाच लागू होतो.

परंतु टीका करून घरी बसणारे पुष्कळ असतात. त्या वेळी एक माणूस घरी बसला नाही. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, म्हणजे रमाबाईंच्या अवघे पाच दिवस आधीचा. त्यांनी ११ मार्च १८९३ रोजी ज्या विधवेशी विवाह केला त्या गोदूबाई, पुढे आनंदीबाई कर्वे, या शारदा सदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० साली तो हिंगण्याच्या माळावर नेला. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा. त्या आश्रमाच्या छायेत शिकल्या, आणि नंतर त्याच आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत देशभर हिंडल्या, थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. हिंगण्याच्या या संस्थेचा भाऊबीज निधी प्रसिद्धच आहे. दिवाळीच्या ओवाळणीचा एक भाग अनोळखी बहिणीसाठी काढावा, ही कल्पना आपल्या कुटुंबांनी आपलीशी केली, आणि तो निधी घरोघरी फिरून गोळा करणाऱ्यांत त्या संस्थेच्याच स्त्रिया होत्या.

आमच्या पंढरीतही रमाबाईंच्या आधी, १८७५ साली, प्रार्थना समाजाचे लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने बालकाश्रम निघाला. यात्रेच्या गर्दीत टाकून दिलेली तान्ही बाळे तेथे वाढली. तेव्हा या सेवेची मिरासदारी एका धर्माकडे आहे, असे कोणी समजू नये. चर्चच्या अंगणातील समई पाहून आपल्या अंगणात दुसरी समई लावणे, हाच महाराष्ट्राच्या समंजसपणाचा मार्ग राहिला आहे.

सेवा आणि वेठ

येथे एक इशारा दिल्यावाचून पुढे जाता येत नाही. अनाथ मुलाकडून काम करून घेणे, या शब्दांच्या आड आपल्या समाजाने पुष्कळ पापे लपविली आहेत. आश्रित म्हणून आणलेले पोर पहाटे विहिरीवर आणि रात्री भांड्यांपाशी, आणि घरातील मुले मात्र शाळेत, हे चित्र आपल्या मागच्या पिढ्यांना अपरिचित नव्हते. ते आजही संपलेले नाही. कसारा घाट चढला की लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्याशा रुपयांच्या आणि एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबावयास दिली गेल्याचे २०२२ साली उघडकीस आले, आणि त्यांतील एका लहान मुलीचा अंत झाला. शहापूरच्या शिवेला लागून असलेल्या मुलखातील ही गोष्ट आहे. ती वाचून ज्याचे मन हलले नाही त्याने दीपदान केले काय आणि न केले काय.

मग सेवा कोणती आणि वेठ कोणती, हे ओळखावे कसे? खूण अगदी साधी आहे. जे काम यजमान आणि त्याची स्वतःची मुले त्याच वेळी, त्याच ठिकाणी करीत आहेत, ते काम पाहुण्या मुलाने केले तर ती सेवा. जे काम घरचे कोणी करीत नाही आणि केवळ त्याच्यावर सोपविले जाते, ती वेठ. सेवेने मुलाची शाळा, खेळ आणि झोप यांपैकी काहीही हिरावले जात नाही. सेवा झाल्यावर सर्व जण एकाच पंगतीला बसतात. आणि सेवा तिसऱ्यासाठी असते. यजमानाच्या घरचे काम हलके व्हावे म्हणून नसते. गौतमांनी सत्यकामाला दिलेल्या गाई आणि मेंढपाळाने कातकरी मुलाला दिलेल्या मेंढ्या वरवर पाहता सारख्याच दिसतात. एकीकडे गुरूने त्याला आपले मानून कुळात घेतले होते, दुसरीकडे त्याचा सौदा झाला होता, हा त्यांतील भेद.

यंदाच्या दिवाळीत काय करावे?

ज्या कुटुंबांना या पर्वात एखाद्या बालकाचे आतिथ्य करावेसे वाटते त्यांनी प्रथम एवढे ध्यानी घ्यावे की, हा व्यवहार आता कायद्याच्या चौकटीतला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती असते. संस्थेच्या परवानगीवाचून, केवळ ओळखीवर कोणतेही मूल घरी आणू नये. कोठे मूल संकटात दिसले, तर १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी करावा. दीर्घकाळ एखाद्या मुलाचा सांभाळ करण्याची ज्यांची तयारी आहे त्यांनी राज्य शासनाच्या बालसंगोपन योजनेची माहिती घ्यावी. आणि अशा मुलांची ओळख पटेल अशी छायाचित्रे वृत्तपत्रांत किंवा भ्रमणध्वनीवरून प्रसृत करू नयेत. कायद्याने ते निषिद्ध आहेच, पण कायदा नसता तरी शिष्टाचाराने ते निषिद्ध ठरले असते. आपल्या घरी जेवलेल्या पाहुण्याचे चित्र आपण चव्हाट्यावर लावीत नाही.

परवानगी घेऊन जेव्हा मुले घरी येतील, किंवा आपण त्यांच्याकडे जाल, तेव्हा तयार डबा पुढे करण्याऐवजी पीठ आणि साचे घेऊन बसा. चकल्या आपल्या मुलांबरोबर त्यांनाही पाडू द्या. वाकड्या झाल्या तरी हसू नका. त्या चकल्यांचे पुडे बांधावयाचे, आणि मग सर्वांनी मिळून ते कोठे न्यावयाचे हे मुलांनाच ठरवू द्या. गावातील ग्रामीण रुग्णालयात सणाच्या दिवशीही खाटेवर पडलेले रुग्ण असतात. वृद्धाश्रमात कोणी बोलावयास नसलेली आजी असते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एसटीच्या स्थानकावर आपल्या घरापासून दूर असलेले चालक-वाहक असतात. ज्यांची घरे भट्टीवर हलली आहेत असे कुटुंब वाटेवर असते. त्यांच्या हाती पुडा देताना पुढे त्या मुलांना करा, आपण मागे उभे राहा. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांतील मुलांना तर रानातल्या कित्येक गोष्टी आपल्याहून अधिक ठाऊक असतात. तारपे कसे वाजते, कोणती भाजी कोणत्या पावसात उगवते, हे ती आपल्या मुलांना शिकवू शकतील. जो शिकवितो तो देतो, हे त्यांना कळू द्या.

भाऊबीजेच्या दिवशी आश्रमातल्या बहिणीकडून ओवाळून घ्याल, तर ओवाळणी अवश्य घाला. पण पुढल्या वर्षी तिच्या परीक्षेच्या वेळी, आजारपणात, दहावीनंतरच्या प्रवेशाच्या वेळी आपण तिच्या पाठीशी आहोत, हे तिला सांगावयास विसरू नका. एका दिवसाचे आतिथ्य गोड असते, मात्र नाथ या पदाला ते पुरत नाही. आणि एक पथ्य सर्वांनीच पाळावे. मुलाची भाषा, त्याचे देव, त्याच्या आईने घातलेले गळ्यातले ताईत यांना हात लावू नये. केडगावच्या कार्यावर आपल्या पूर्वजांनी जो आक्षेप घेतला तो आपल्या घरावर येता कामा नये.

काही वाचक म्हणतील, ज्यांच्यावर आधीच इतका प्रसंग ओढवला आहे त्या लेकरांना निदान सणाच्या दिवशी तरी विसावा द्यावा. सेवेचे ओझे कशाला? ही शंका मायेतून उपजलेली आहे. तिचे उत्तर केडगावच्या त्या मुलींनी आपल्या जीवनाने दिले आहे. १८९७ साली ज्यांना उचलून आणावे लागले त्यांनीच १९०० साली दुसऱ्यांना उचलून घेतले. त्यांना कोणी केवळ बसवून जेवू घातले असते, तर त्या वाचल्या असत्या, परंतु आपल्या पायांवर उभ्या राहिल्या नसत्या. दुसऱ्याचे अश्रू पुसताना स्वतःच्या दुःखाचा भार हलका होतो, हा अनुभव लहानथोरांना सारखाच येतो. त्याला मुले अपवाद नाहीत.

आपल्या कुळाचारात दिवाळीची पहिली पणती घरातील लेकरांच्या हातून लावविण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. यंदा ती पणती लावण्यासाठी ज्याच्या घराला उंबरठा नाही अशा एका लेकराला बोलवावे, तेल आपण घालावे, वात त्याला पेटवू द्यावी, आणि त्या पणतीचा उजेड पुढे कोणाच्या दारी न्यावयाचा हे त्यालाच विचारावे. तो ज्या दाराकडे बोट दाखवील तिकडे त्याच्याबरोबर चालू लागण्याची बुद्धी श्रीपांडुरंग आम्हां सर्वांस देवो.